बर्लिनच्या भाडेबागा : घरटंचाईतून जन्मल्या, घरटंचाईनेच अडचणीत आल्या

बर्लिनमध्ये भाड्याने घर मिळणे गेल्या काही वर्षांत इतके अवघड झाले आहे की शहराच्या राजकारणात हा विषय सतत अग्रभागी असतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न हमखास येतो: रेल्वेमार्गांच्या कडेने, कालव्यांलगत आणि काही ठिकाणी तर थेट उंच इमारतींच्या मधोमध ज्या हजारो छोट्या बागा पसरल्या आहेत, त्यांच्या जागी घरे का बांधू नयेत? या बागा सुमारे ७० हजार आहेत आणि त्यांनी जवळपास २,९०० हेक्टर, म्हणजे शहराच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे तीन टक्के जमीन व्यापली आहे. बाहेरून बातमी वाचणाऱ्याला हे कोडेच वाटते. जिथे एका खोलीसाठी रांगा लागतात, तिथे एवढी मोलाची जमीन बटाटे, टोमॅटो आणि सफरचंदांसाठी का राखून ठेवली असेल?

या प्रश्नाचे उत्तर या बागांच्या इतिहासात आहे. बर्लिनची घरटंचाई नसती तर या बागा तिथे झाल्याच नसत्या. आज ज्या टंचाईचे कारण सांगून त्या हटवा असे म्हटले जाते, त्याच टंचाईने दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जन्म दिला आणि पुढच्या प्रत्येक संकटात त्यांचे संरक्षण थोडे थोडे पक्के केले.

ही बाग नेमकी कोणाची असते?

जर्मनीत अशा बागेला ‘क्लाइनगार्टन’ म्हणतात; या लेखात तिला भाडेबाग म्हणू. एकमेकींना लागून असलेल्या अनेक भाडेबागांची मिळून एक वसाहत होते, आणि प्रत्येक बागेत अवजारे ठेवायला, पावसापासून आडोसा घ्यायला लाकडाची किंवा विटांची एक लहानशी खोपी असते. जमीन कसणारा तिचा मालक नसतो. बर्लिनमधील सुमारे तीन चतुर्थांश बागांची जमीन सार्वजनिक मालकीची आहे. शहर ती बागकरांच्या विभागीय संघाला भाडेपट्ट्याने देते, संघ ती वसाहतींमार्फत सभासदांना पोटभाड्याने देतो, आणि त्याबदल्यात वर्षाला अगदी माफक रक्कम घेतो.

हा व्यवहार सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकासारखा आहे. पुस्तक घरी नेता येते, निवांत वाचता येते, पण विकता येत नाही; शिवाय ते कसे हाताळायचे याचे नियम असतात आणि आपल्यामागे त्याच पुस्तकासाठी थांबलेले इतर वाचकही असतात. बागेत एक गोष्ट मात्र वेगळी आहे. लावलेली फळझाडे आणि बांधलेली खोपी बागकराची असते, म्हणून तो बाग सोडतो तेव्हा संघाने नेमलेले जाणकार प्रत्येक झाड, कुंपण आणि खोपीची अवस्था पाहून मूल्यांकन करतात व नवा बागकर तेवढी रक्कम जुन्याला देतो. या हिशेबात जमिनीची किंमत कुठेच धरली जात नाही. शेजारच्या भूखंडाचा भाव दहा पटींनी वाढला तरी बागेच्या हस्तांतरणाची रक्कम झाडांच्या आणि खोपीच्या अवस्थेवरच ठरते. बाजारातल्या भावापासून जमिनीचा हा तुकडा असा वेगळा काढला गेला, हीच या व्यवस्थेतली कळीची गोष्ट आहे, आणि ती घडून यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सव्वापाच मीटरच्या अंगणातून बाहेर

१८७१ साली जर्मन साम्राज्याची स्थापना झाली तेव्हा बर्लिनची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १९०५ मध्ये ती वीस लाखांवर गेली होती. कारखान्यांत काम मिळते म्हणून पूर्वेकडच्या खेड्यांतून माणसे येत होती. या लोंढ्यासाठी शहराचा नकाशा जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने १८६२ मध्ये तयार केला होता. त्याने रस्ते रुंद आणि त्यांच्यामधले जमिनीचे चौकोन मोठे ठेवले, पण त्या चौकोनांच्या आत काय व किती दाट बांधायचे यावर फारसे बंधन नव्हते. १८५३ च्या बांधकाम नियमांनुसार आतले अंगण किमान ५.३४ मीटर लांब आणि तितकेच रुंद असले की पुरे होते, कारण अग्निशामक दलाचा हातपंप वळवायला तेवढी जागा लागत असे. घरमालकांनी या किमान मापालाच प्रमाण मानले. रस्त्याकडे एक इमारत, तिच्या मागे अंगण, त्यामागे दुसरी इमारत, पुन्हा अंगण, अशा रांगा उभ्या राहिल्या. वेडिंग भागातील ‘मायर्स होफ’ या कुप्रसिद्ध इमारतीत तर एकामागे एक अशी सहा अंगणे होती.

खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांत उजेड पोचत नसे. भाडे परवडावे म्हणून कुटुंबे आपल्या खोलीतला एखादा पलंग रात्रपाळीच्या मजुराला दिवसा झोपण्यापुरता भाड्याने देत. ज्यांना तेही जमले नाही त्यांनी १८७२ मध्ये कॉटबुसर भागात शहराच्या वेशीबाहेर फळकुटांच्या झोपड्या उभारल्या. ही वस्ती ‘बराकिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि त्याच वर्षी पोलिसांनी ती मोडून टाकली. बर्लिनच्या भाडेबागांचा इतिहास लिहिताना मला ही वस्ती फार महत्त्वाची वाटते, कारण राहते घर आणि बागेतली खोपी यांच्यामधली सीमारेषा या शहरात सुरुवातीपासूनच धूसर होती हे तिच्यावरून कळते.

याच काळात शहराभोवतीची शेतजमीन गुंतवणूकदारांनी विकत घेतली होती. तिथे इमारती उभ्या राहतील तेव्हा भाव वाढेल या आशेने ते थांबले होते, पण तोवर जमीन पडून राहिली तर उत्पन्न शून्य. म्हणून त्यांनी ती मोठ्या मुख्य पट्टेदारांना दिली आणि मुख्य पट्टेदारांनी तिचे लहान तुकडे करून ते कामगारांना एकेका वर्षासाठी पोटभाड्याने दिले. कामगारांनी तिथे बटाटे लावले, ससे आणि कोंबड्या पाळल्या, मोडक्या दारांच्या व पेट्यांच्या फळ्या जोडून खोप्या उभारल्या. मुख्य पट्टेदाराचा खरा फायदा मात्र बहुधा भाड्यात नसे. वसाहतीत त्याची खानावळ असे आणि बिअर तिथूनच घेतली पाहिजे अशी अट पोटभाडेकरूवर घातलेली असे. जो घेणार नाही त्याचा पट्टा पुढच्या वर्षी वाढवून मिळेल याची खात्री नसे. गिऱ्हाईक आले की जमीन इमारतीसाठी विकली जाई आणि बागकरांना उठावे लागे. हरितपट्टा राखावा असा कोणाचा हेतू त्यामागे नव्हता. या बागा म्हणजे भाव वाढण्याची वाट पाहत पडून राहिलेली जमीन होती, आणि ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे कायदे कशासाठी आले हे समजणे सोपे जाते.

१९०१ मध्ये, तेव्हा स्वतंत्र शहर असलेल्या शार्लोटेनबुर्गमध्ये, रेड क्रॉसने आल्विन बीलेफेल्ट यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी बागा सुरू केल्या. त्यामागे फ्रान्समधील कामगार-बागांचा आदर्श होता आणि क्षयरोगाची भीतीही होती. इथे मध्ये दलाल नव्हता, खानावळीची सक्ती नव्हती. त्याच सुमारास वसाहतीतल्या बागकरांनी स्वतःचे संघही उभारले, आणि मुख्य पट्टेदार नको ही त्यांची पहिली मागणी होती.

लाइपझिगचा धागा

जर्मन भाडेबागांची कथा बहुतेक ठिकाणी लाइपझिगमधून सुरू केली जाते. तिथे शाळेचे मुख्याध्यापक एर्न्स्ट इनोसेन्झ हाउशिल्ड यांनी १८६४ मध्ये एक पालक-मंडळ काढले आणि मुलांच्या व्यायामाचा पुरस्कार करणारे दिवंगत डॉक्टर मोरित्झ श्रेबर यांचे नाव त्याला दिले. मंडळाने मुलांसाठी खेळाचे मैदान तयार केले. गेझेल नावाच्या शिक्षकाने त्याच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला, पालकांनी वाफे ताब्यात घेतले, कुंपणे घातली आणि त्यांच्या बागा झाल्या. बर्लिनचा प्रवाह मात्र याहून निराळा. तिथे मध्यमवर्गीय पालकांच्या मंडळाऐवजी भाड्याच्या खोलीत गुदमरलेला मजूर केंद्रस्थानी होता, आणि म्हणूनच बर्लिनच्या वसाहतींना पहिल्यापासून राजकीय धार होती.

उपासमारीने घडवलेला कायदा

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे जर्मनीची अन्नाची आयात जवळजवळ थांबली. १९१६ मध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात शहरी माणसांना एरवी गुरांना घालतात त्या सलगमवर्गीय कंदांवर दिवस काढावे लागले. जर्मन लोकस्मृतीत तो हिवाळा त्या कंदाच्या नावानेच ओळखला जातो. अशा वेळी शहरातला प्रत्येक लागवडीचा तुकडा मोलाचा ठरला. बागांचे भाडे मनमानी वाढवता येऊ नये यासाठी सरकारने १९१६ मध्येच आदेश काढला, आणि युद्ध संपल्यावर, ३१ जुलै १९१९ रोजी, देशभर लागू होणारा पहिला भाडेबाग कायदा झाला.

या कायद्याने तीन गोष्टी केल्या. भाडे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाकडे आला. पोटभाड्याने देण्यासाठी जमीन घेण्याची मुभा फक्त सार्वजनिक संस्था आणि ना-नफा संघांनाच राहिली, म्हणजे बिअर विकणाऱ्या मुख्य पट्टेदाराचा धंदाच संपला. आणि जमीनमालकाला सबळ कारणाशिवाय पट्टा रद्द करणे अशक्य झाले. दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, ब्रेमेन येथे देशभरच्या संघांचा महासंघ स्थापन झाला. तात्पुरत्या बागेला कायद्याचा पहिला आधार मिळाला तो अशा रीतीने, उपासमारीच्या अनुभवातून.

खोपीत राहायला गेलेली माणसे

कायद्यात खोपी राहण्यासाठी धरलेली नव्हती. तरीही जागतिक मंदीत काम गेलेली कुटुंबे भाड्याची खोली सोडून बागेत राहायला गेली. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत बेकारांची संख्या साठ लाखांवर होती, आणि बर्लिनच्या अनेक वसाहती वर्षभर राबत्या झाल्या होत्या. रेनिकेनडोर्फमधील ‘फेल्झेनएक’ ही त्यांतलीच एक. तिथे कम्युनिस्ट कामगारांचा भरणा होता. १८ जानेवारी १९३२ च्या रात्री नाझींच्या निमलष्करी दलाने सभेवरून परतताना या वसाहतीवर हल्ला केला. त्यात एक कामगार आणि हल्लेखोरांपैकी एक जण असे दोघे मारले गेले. या प्रकरणाच्या खटल्यात कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले वकील हान्स लिटन यांना नाझींनी सत्तेवर येताच पकडले आणि १९३८ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. सत्ता हाती आल्यावर नाझींनी बागकरांचे संघही आपल्या ताब्यात घेतले आणि ज्यूंना त्यांतून बाहेर काढले.

त्याच वसाहतींनी काही माणसांना वाचवलेही. पुढे पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर लोकप्रिय सूत्रसंचालक झालेले हान्स रोझेन्थाल तेव्हा कोवळ्या वयातले अनाथ ज्यू तरुण होते. त्यांचा धाकटा भाऊ हद्दपार होऊन मारला गेला होता. १९४३ मध्ये लिख्टेनबर्गमधील ‘ड्रायआयनिगकाइट’ वसाहतीत इडा याउख या बाईने त्यांना आपल्या खोपीतल्या एका चोरकप्प्यात लपवले आणि स्वतःच्या शिध्यातून त्यांना जेवू घातले. १९४४ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या बाईंनी त्यांना आसरा दिला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत फौजा येईपर्यंत ते तिथेच राहिले. शहरातल्या इमारतीत प्रत्येक जिन्यावर शेजारी होते. वसाहतीत कुंपणे, झुडपे आणि अंतर होते. खोपीची ही आडबाजूच उपयोगी पडली.

युद्धात बर्लिनची सुमारे एक तृतीयांश घरे नष्ट झाली. पुन्हा एकदा माणसे खोप्यांत राहू लागली, आणि त्यांतल्या काहींना पुढे हयातीपुरता तिथे राहण्याचा हक्कही देण्यात आला. शहराच्या मध्यभागी असलेल्या टीअरगार्टन या ऐतिहासिक उद्यानातली जवळजवळ सगळी झाडे सरपणासाठी तोडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे सुमारे अडीच हजार तुकडे करून तिथे बटाटे व भाज्या लावण्यात आल्या. संसदेच्या भग्न इमारतीसमोर कोबीचे वाफे आहेत, अशी त्या काळातली छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. सोव्हिएत नाकेबंदीच्या काळात, जून १९४८ ते मे १९४९, पश्चिम बर्लिनला विमानांनी सुकवलेले बटाटे पुरवले जात असताना ताज्या भाजीचा मोठा आधार या बागांचाच होता. उद्यानात पुन्हा झाडे लावण्याचा आरंभ महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनी १७ मार्च १९४९ रोजी लिंडेनचे रोप लावून केला.

भिंतीतले दार

१९६१ नंतर शहराच्या मधून भिंत गेली आणि दोन्हीकडच्या बागांचे मार्ग वेगळे झाले. पूर्व जर्मनीत साम्यवादी सरकारला खासगी बागेबद्दल आधी संशय होता. पण दुकानांत भाजी-फळे अपुरी पडत असल्याने पुढे त्याने बागकरांना प्रोत्साहन दिले, १९५९ मध्ये त्यांचा देशव्यापी संघ काढला आणि बागेतला माल ठरलेल्या दराने विकत घेण्याची सोय केली. पश्चिम बर्लिनमध्ये भिंतीमुळे बाहेर फिरायला खेडीच उरली नव्हती, त्यामुळे भाडेबाग हेच अनेकांचे गाव झाले.

या काळातली सर्वांत विलक्षण उदाहरणे म्हणजे श्पांडाउजवळच्या ‘एर्लेनग्रुंड’ आणि ‘फिख्टेवीझ’ या दोन वसाहती. कागदोपत्री त्या पश्चिम बर्लिनच्या होत्या, पण जमिनीवर चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या होत्या. आपल्या वाफ्यांना पाणी घालायला जाणाऱ्या पश्चिमेच्या बागकराला भिंतीतल्या एका फाटकावरची घंटी वाजवावी लागे. पलीकडचा सीमारक्षक त्याची कागदपत्रे तपासून त्याला आत सोडत असे. दोन्ही बाजूंमध्ये झालेल्या जमिनीच्या अदलाबदलीनंतर, १९८८ मध्ये, या वसाहती पश्चिम बर्लिनला सलग जोडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी भिंत पडली. दोन महासत्तांच्या सरहद्दीवरही बागेचा पट्टा वैध मानला गेला, यावरून त्याला आलेले वजन लक्षात येते.

न्यायालयाने जुना कायदा रोखला

जमीनमालकांच्या बाजूनेही एक रास्त तक्रार होती. १९१९ च्या आणि त्यानंतरच्या नियमांमुळे पट्टा जवळजवळ कधीच रद्द करता येत नव्हता आणि भाडेही नगण्य होते. १२ जून १९७९ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की इतकी सरसकट बंदी मालमत्तेच्या हक्काशी विसंगत आहे. म्हणून नवा कायदा करावा लागला. तो १९८३ च्या एप्रिलमध्ये लागू झाला आणि १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडेही आला.

आजच्या वादातले बहुतेक शब्द याच कायद्यातून येतात. बागेचे क्षेत्र ४०० चौरस मीटरपेक्षा जास्त असू नये. खोपी ओसरीसह २४ चौरस मीटरपर्यंतच असावी आणि कायम राहण्याजोगी नसावी. जमिनीचे भाडे, त्या भागात व्यापारी फळ-भाजी लागवडीच्या जमिनीला जो दर मिळतो त्याच्या चौपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. इमारतीच्या जमिनीचा दर इथे लागूच होत नाही, म्हणूनच शहराच्या मध्यभागीसुद्धा बागेचा वर्षाचा एकूण खर्च साधारण काहीशे युरोंत बसतो.

स्वस्त जमिनीच्या बदल्यात बागकराने काहीतरी पिकवले पाहिजे, ही अट त्यामागे आहे. सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १७ जून २००४ च्या निकालात सांगितले की साधारणपणे बागेच्या किमान एक तृतीयांश भागात फळे आणि भाज्या असायला हव्यात. अनेकांना हा नियम जाचक वाटतो. वसाहतीचे पदाधिकारी वाफे पाहत फिरतात, हिरवळच वाढवणाऱ्याला पत्र येते, आणि नव्या बागकरांमध्ये त्यावरून चिडचिड होते. मला मात्र हा नियम या व्यवस्थेचा कणा वाटतो. पीक नसेल तर ती जागा भाडेबाग ठरत नाही, सुटीच्या दिवसांपुरती विश्रांतीची जागा ठरते. आणि तसे ठरले की चौपट दराची मर्यादाही जाते आणि पट्ट्याचे संरक्षणही जाते. एका बागकराचा आळस पूर्ण वसाहतीच्या मुळावर येऊ शकतो.

पण घरे बांधायला जागा हवीच, त्याचे काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. काही वसाहती लोकल रेल्वेच्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे एका कुटुंबाच्या बागेच्या जागेवर अनेक कुटुंबांची घरे उभी राहू शकतात. शाळेसाठी किंवा रेल्वेसाठी दुसरी जागाच नसेल तर एखादी वसाहत हटवणे न्याय्य ठरू शकते, असे मलाही वाटते. पण तत्पूर्वी शहराने आपल्याकडची इतर जमीन तपासायला हवी. बर्लिनमध्ये एकमजली सुपरमार्केट आणि त्यांच्याभोवतीचे मोठे वाहनतळ जागोजागी आहेत. त्यांच्या डोक्यावर मजले चढवले तर माती न उकरता घरे होतात. बाग हटवणे मात्र सोपे वाटते, कारण तिथे पाडायला फक्त खोप्या असतात.

२०१४ साली बर्लिनमध्ये जे घडले त्यावरून या वादातली खरी गाठ दिसते. श्मारगेनडोर्फ भागात ‘ओएनहाउझेन’ नावाची १९०४ पासूनची वसाहत आहे. तिचा मोठा भाग टपालखात्याच्या जुन्या जमिनीवर होता आणि ती जमीन २००८ मध्ये खासगी गुंतवणूकदाराला विकली गेली. २५ मे २०१४ रोजी त्या प्रभागातील नागरिकांनी तीन चतुर्थांशांहून अधिक मतांनी वसाहत वाचवण्याचा कौल दिला. त्याच दिवशी शहरभराच्या मतदारांनी, २००८ मध्ये बंद झालेल्या टेंपेलहोफ विमानतळाचे विस्तीर्ण मैदान मोकळेच ठेवावे, असाही निर्णय दिला. मैदान मोकळे राहिले. ओएनहाउझेनच्या विकलेल्या भागातील जवळजवळ निम्म्या बागा मात्र २०१६ मध्ये उठल्या आणि तिथे इमारती झाल्या.

दिवस एकच होता आणि शहरही एकच, तरी निकाल वेगळे लागले. टेंपेलहोफची जमीन सार्वजनिक होती आणि तिथल्या मतदानाने बंधनकारक कायदाच मंजूर झाला होता. ओएनहाउझेनमध्ये जमीन खासगी होती आणि प्रभागातला कौल केवळ इच्छेचे निदर्शन होता. बांधकामाची शक्यता काढून घेतली तर मालकाला प्रचंड भरपाई द्यावी लागेल ही प्रशासनाची भीती होती. म्हणजे जमीन विकली गेली तेव्हाच निम्मा निर्णय झालेला होता, नागरिकांना मत विचारले गेले ते त्यानंतर सहा वर्षांनी.

ही मूठभरांची चैन नाही का?

बर्लिनमध्ये वीस लाखांच्या आसपास कुटुंबे आहेत आणि बागा ७० हजार. प्रतीक्षायादीत अनेक वर्षे जातात, आणि करोनाच्या साथीत मागणी आणखी वाढली. सार्वजनिक जमीन इतक्या थोड्यांच्या कुंपणात का असावी, असे विचारणाऱ्याला उडवून लावता येणार नाही. यावर व्यवहार्य उपाय आहेत आणि ते काही प्रमाणात सुरूही झाले आहेत: मोठी बाग सुटली की तिचे दोन तुकडे करून दोघांना देणे, वसाहतीतले रस्ते सर्वांना फिरायला खुले ठेवणे, शाळा आणि बालवाड्यांना वाफे देणे. क्रॉइत्सबर्गमध्ये २००९ पासून आणि टेंपेलहोफच्या मैदानावर २०११ पासून सामूहिक बागाही फुलल्या, जिथे कुंपणाने वेगळे केलेले खासगी तुकडे नसतात आणि अनेक जण एकत्र राबतात.

बागेबाहेरच्या रहिवाशालाही तिचा लाभ होतो, याचाही हिशेब धरला पाहिजे. बर्लिनच्या मध्यभागात पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी एकाच भूमिगत वाहिनीतून जाते; मुसळधार पावसात ती भरून वाहते आणि मैला स्प्रे नदीत जातो. बागेची भुसभुशीत माती पाऊस जागच्या जागी मुरवते, त्यामुळे वाहिनीवरचा भार कमी होतो. उन्हाळ्याच्या रात्री डांबर आणि काँक्रीट उष्णता सोडत राहतात, तर झाडांखालची जमीन लवकर निवते आणि शेजारच्या गल्ल्यांनाही गारवा मिळतो. हे फायदे भाड्याच्या पावतीवर दिसत नाहीत, पण वसाहत गेली तर त्यांची भरपाई शहराला पैसे मोजून करावी लागेल.

वसाहत हटवायची ठरली तर काय होते?

इथे कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा भेद येतो. शहराच्या बांधकाम आराखड्यात ज्या जमिनीवर ‘कायम भाडेबाग’ असे नोंदवलेले आहे, तिचा पट्टा मुदतीचा करता येत नाही आणि आराखडा बदलल्याखेरीज तिथे दुसरे काही बांधता येत नाही. अशी नोंद नसलेली वसाहत वर्षानुवर्षे नांदत असली तरी तिचे संरक्षण तुलनेने कच्चे असते. बर्लिनच्या सरकारने २०२० मध्ये मंजूर केलेल्या भाडेबाग विकास आराखड्यात बहुसंख्य वसाहती राखण्याचे धोरण आहे, पण धोरण आणि आराखड्यातली नोंद या एकाच बळाच्या गोष्टी नाहीत. म्हणून बर्लिनच्या एखाद्या वसाहतीबद्दल बातमी वाचली की दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: जमीन कोणाची आहे, आणि आराखड्यात ती काय म्हणून नोंदलेली आहे.

हटवण्याचा निर्णय झालाच, तरी बागकराला रातोरात उठवता येत नाही. इमारत किंवा रस्ता यांसाठी पट्टा संपवायचा असेल तर, तातडीची कारणे वगळता, त्याची सूचना त्याच वर्षीच्या फेब्रुवारीच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत द्यावी लागते आणि पट्टा ३० नोव्हेंबर रोजीच संपवता येतो. हंगामाच्या आधी कळावे आणि शेवटचे पीक काढून होईपर्यंत जमीन हाती राहावी, अशी ही मांडणी आहे. नियमानुसार लावलेल्या झाडांची व खोपीची भरपाई मिळते, आणि कायम भाडेबाग असेल तर शहराने पर्यायी जमीन द्यायची असते, मात्र ती देणे शहराला शक्य नसेल तर या बंधनातून सूट आहे. बर्लिनमध्ये मोकळी जमीन जसजशी संपत चालली आहे, तसतसा या सुटीवर कायद्यातल्या इतर कुठल्याही कलमापेक्षा जास्त वाद होऊ लागला आहे.